खाली गेलेली मान

एका छोट्या संस्थानात नातवाच्या बारशाला महाराजांनी तमाशा बोलावला आणि हुकूम सोडला, की या वेळी लेकीसुनाही समोर बसून खेळ बघतील. विनोद घरंदाज आहे की नाही, हे ठरवायचं काम दिवाण त्रिंबकपंतांकडे आलं.

पंत तालमीला बसले. वगातला प्रधान भर दरबारात घोरतो आणि कोणी शिंकलं की दचकून "मंजूर" म्हणतो, हे येताच ते ताडकन उठले. दरबारात खुद्द पंतांचाच डोळा लागतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

"बायकापोरांपुढे हा चावटपणा चालणार नाही," पंत म्हणाले. "या फडानं पुन्हा संस्थानात पाऊल टाकायचं नाही."

फडातल्या सोंगाड्या तुळाजीनं थेट महाराजांकडे जाऊन मुजरा केला. "सरकार, चावट विनोदाला घरची माणसं माना खाली घालतात. निर्मळ विनोदाला एकमेकांकडे बघून हसतात. पंतांनी खेळाकडे पाठ करून नुसती माणसं बघावीत. एक जरी मान खाली गेली, तर आम्ही आपणहून गाशा गुंडाळू."

महाराजांना हे पटलं. संध्याकाळी पंत लोकांकडे तोंड करून बसले. त्यांच्या पाठीमागे प्रधान घोरला, कोणी शिंकलं, "मंजूर" झालं. सासवा सुनांकडे बघून हसल्या, आजोबा नातींकडे बघून. मग पंतांच्या म्हाताऱ्या आईनं हसत हसत थेट लेकाकडे पाहिलं, आणि तिच्या मागोमाग सगळ्या वाड्यानं.

असली पारख कोणी आजवर पाहिली नव्हती.

तुळाजी पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, एक मान खाली गेली आहे. पंतांची. गाशा गुंडाळू का?"