लढाईपुरता बंद

होड्या स्वतःच मासे धरायच्या, तेव्हाची गोष्ट. एक म्हातारी होडी एका खेकड्याकडे विमा उतरवायची. खडकावर आपटून भोक पडलं तर खेकडा भरपाई देणार, म्हणून होडी त्याला दर खेपेला एक टोपली बांगडे द्यायची. तलवारमाशांच्या लढाईत भोक पडलं तर, त्या विम्याची टोपली वेगळी. वीस वर्षं समुद्र शांत होता. खेकडा गलेलठ्ठ झाला.

एके दिवशी लढाई खरोखरच पेटली. खेकडा लगबगीने आला. "होडीबाई, सात भरत्यांनंतर लढाईचा विमा बंद."

"का हो, खेकडेराव?"

"अहो, लढाई सुरू झाली ना!"

"मग परत चालू कधी?"

"लढाई संपली की लगेच."

आठव्या भरतीला तलवारमासे खेकड्याच्या बिळापाशी पोचले. तो पोराबाळांसकट धावत आला. "होडीबाई, आम्हाला पलीकडच्या खाडीत सोडा!"

"सोडते की," होडी म्हणाली. "लढाई संपली की लगेच."