मोठ्याने वाचू नये

विषय : विडी कामगार वाचनालयात शांतता राखण्याबाबत.
संदर्भ : तपासणीस आलेल्या साहेबांचा तोंडी शेरा.

"...पण मास्तर, हा गलका चालू राहिला तर अनुदान कसं मिळणार? आणि अनुदान नाही तर खोली तरी कशी राहणार?"

नरसय्या मास्तरांनी ऐकून घेतलं. सोलापुरातलं हे वाचनालय त्यांनीच सुरू केलं होतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी विड्या वळत ऐकायचं. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून त्याच्या वाट्याच्या विड्याही ऐकणाऱ्यांनीच वळायच्या.

बोलणारा श्रीनिवास बोल्ली वाचनालयाचा नवा चिटणीस. नुकताच बी. ए. झाला होता आणि ते अजून अंगातून उतरलं नव्हतं.

त्यानं पाटी पुढे केली. 'शांतता राखा. मोठ्याने वाचू नये.'

"अक्षर छान आहे," मास्तर म्हणाले. "लाव."

इतक्या सहज परवानगी मिळेल असं श्रीनिवासला वाटलं नव्हतं. भाषण तयार होतं, ते वाया गेलं.

संध्याकाळी बाया-माणसं सुपं घेऊन आली आणि पाटीसमोर थबकली.

"काय लिवलंय रे?" राजव्वानं विचारलं.

श्रीनिवासनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत होते.

तो हळूच पुटपुटला.

"मागं ऐकू येईना," दाराशी बसलेला यल्लप्पा म्हणाला. "बी. ए.ला आवाज शिकवत न्हाईत काय?"

मग श्रीनिवासनं पाटी मोठ्यानं वाचली. खणखणीत. शेवटच्या शब्दापर्यंत.

खोली गप्प झाली...

"ग्वाड वाचतोस," राजव्वा म्हणाली. "तुझा बाप हितंच बसायचा. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या त्यो हौसेनं वळायचा. म्हणायचा, माझं पोरगं वाचंल, तवा तुमी त्याच्या वळा."



राजव्वानं आपल्या सुपात दोन मुठी पानं जास्त घेतली. "हं. म्होरं वाच."

पाटीवर पुढे काही नव्हतं. त्यानं वर्तमानपत्र उचललं.

दिवा मालवायच्या वेळी त्याच्यासमोर विड्यांचा एक कट्टा होता. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला. जन्मात एक विडी वळली नव्हती.

"मास्तर, पाटी काढू?"

"राहू दे. कुणीतरी वाचून दाखवीलच."

"आणि अनुदानाच्या अर्जात? साहेबांनी विचारलंय, खोलीत शांतता असते का."

मास्तरांनी दाराला कडी घातली.

"लिही, असते. एक जण वाचत असतो तोवर."

तसं लिहून अर्ज पाठवला. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.