कोंबडा आरवला नाही!

“त्या कोंबड्याची मान मुरगळा!” पांघरुणातून तोंड बाहेर काढून महाराज ओरडले.

मुरगळणार कोण? कोंबडा होता ठकूबाईचा. हिवरगडाचे शिपाई तलवारीला भ्यायचे नाहीत, पण या बाईच्या तोंडाला भ्यायचे.

ठकूबाईनं तीस वर्षं महाराजांच्या पागेत झाडलोट केली होती. महाराजांनीच खूश होऊन तटाला लागून एक ऐसपैस वाफा तिला तोडून दिला. “यात जे लावशील, जे पाळशील, ते तुझं,” असं भर दरबारात म्हणाले. तिनं मेथी लावली, चवळी लावली, बारा कोंबड्या आणि एक तुरेबाज कोंबडा पाळला. घोटाळा एवढाच झाला, की वाफा नेमका महाराजांच्या खिडकीखाली आला! आणि महाराज तर उन्हं डोक्यावर आल्याशिवाय उठणारे नव्हेत.

दिलेला वाफा परत मागावा, तर शब्द भर दरबारात दिलेला. मग महाराजांनी डोकं चालवलं आणि ठकूबाईला बोलावणं धाडलं.

“ठकूबाई, यंदाच्या थंडीत तुझ्या कोंबड्या वाफ्यातच राहतील. घरी न्यायच्या नाहीत. खुराडं नको, छप्पर नको. शेकोटी नको, शेगडी नको, दिवासुद्धा नको. आणि पांघरूण तर नकोच नको! माघ सरेपर्यंत तेराच्या तेरा जीव जगले, तर वाफा कायमचा तुझा. एक जरी दगावला, तर वाफा माझा!”

हिवरगडाची थंडी म्हणजे काय चेष्टा? पौषात हौदाच्या पाण्यावर बर्फाची पापडी धरायची! आणि वाफा गेला की कोंबड्या गेल्या, कोंबड्या गेल्या की ठकूबाईची चूल विझली. पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

“महाराज, माझ्या कोंबड्यांनी तुमचं काय घोडं मारलं?”

“झोप मारली माझी, झोप!”

“बरं. हे नको, ते नको, सगळं ऐकलं. आता माझं एक ऐका. पागेतून तुम्ही जे बाहेर फेकता, ते मला न्यायची मुभा द्या.”

“फेकलेलं?” महाराज हसले. “गाड्या भरभरून ने!”

दुसऱ्या दिवशी ठकूबाई पाटी घेऊन पागेच्या मागं हजर. पागेचा हवालदार बिरोजी नाकाला शेला लावून बघत राहिला.

“मावशी, घोड्यांची लीद? अहो, थंडीनं डोकं फिरलं की काय तुमचं?”

“माझं डोकं जागेवर आहे. तुझी मांजर थंडीत कुठं झोपते, ते सांग बघू.”

“मांजर? ती... ती या लिदीच्या ढिगावरच असते की!”

“मग मांजरीला जे कळतं, ते हवालदाराला कळू नये होय रे? उचल पाटी!”

बिरोजीनं पाटी उचलली. ठकूबाईनं वाफ्यात कमरेएवढा ढीग रचला. एक थर लिदीचा, एक पेंढ्याचा, मधूनमधून पाण्याचा शिपका, आणि सगळ्यात वर कोरडा पेंढा. आठवड्याला नवी भर. पौष लागेपर्यंत लीद कुजून ढीग आतून असा रसरसला, की बारा कोंबड्या त्यावरून हलेनात. दिवसा ढीग उकरून किडे खायच्या, अंधार पडला की त्यातच रुतून बसायच्या.

इकडे महाराज तीन दुलया घेऊन वाट बघत होते. कोंबडा रोज आरवायचा. पण हळूहळू तो उशिरा आरवू लागला. आणि पौषातल्या एका सकाळी तर खिडकीत ऊन आलं, तरी आवाज नाही!

“मेला! कोंबडा मेला!” महाराज टुणकन उठले आणि शाल लपेटून, अनवाणीच, खाली धावले. मागून धापा टाकत बिरोजी.

बघतात तर काय! वाफ्यातून वाफा निघताहेत. बारा कोंबड्या पिसं फुलवून खुशाल बसल्यात आणि मधोमध कोंबडा पंखात डोकं खुपसून झोपलाय. ठकूबाईनं त्याला बोटानं ढोसलं. त्यानं एक डोळा उघडला, महाराजांकडं बघितलं आणि परत मिटला.

“लबाडी!” महाराज गरजले. “इथं जाळ आहे! धूर निघतोय!”

“धूर नव्हे, वाफ आहे. हात घालून बघा.”

महाराजांनी हात घातला. जाळ नव्हता, निखारा नव्हता, नुसती ऊब! गार फरशीवरून धावून त्यांचे पाय काकडले होते. ते हळूच ढिगावर चढले. “अहाहा!” तोंडातून निघून गेलं. मग आपण रागावलो आहोत, हे त्यांना आठवलं.

“पण पांघरूण नको म्हणालो होतो ना मी!”

“मग कुठं आहे पांघरूण? दाखवा की! पांघरूण नको म्हणालात, अंथरूण नको असं कधी म्हणालात? हे खालचं आहे, वरचं नव्हे! आणि तेही तुमच्याच घोड्यांनी घातलंय!”

बिरोजीनं शेला तोंडात कोंबला. महाराजांच्या मिशा थरथरल्या.

“अजून माघ सरायचाय, ठकूबाई!”

“मग सरेपर्यंत थांबा. नाहीतरी तुमचे पाय कुठं खाली उतरताहेत?”

महाराजांनी पायांकडं बघितलं. घोट्यापर्यंत पेंढ्यात!

“ते राहू दे,” ते खाकरले. “हा कोंबडा आरवला का नाही, ते सांग.”

“महाराज, ऊब मिळाल्यावर पहाटे कोण उठतं? तुम्हीच सांगा!”

आता मात्र महाराजांना राहवेना. पोट धरून ते हसत सुटले. “वाफा तुझा! आजपासून कायमचा तुझा! आणि पागेतली सगळी लीदही तुझी! बिरोजी, पाट्या तू वाहायच्यास!” असं म्हणत त्यांनी अंगावरची शाल काढून ठकूबाईकडं धरली.

“ही मला, की कोंबड्यांना?”

“तुला! कोंबड्यांना पांघरूण नको, हे ठरलंय ना आपलं?”

आणि महाराज असे खदखदून हसले, की ढिगावरचा कोंबडा दचकून जागा झाला आणि बावचळून जोरात आरवला. आजवर त्यानं महाराजांना उठवलं होतं. त्या दिवशी महाराजांनी त्याला उठवलं!