कोऱ्या कापडाचं ठिगळ

“मग अब्बा, पफ्नूतला मठातून काढायचं की नाही?”

विचारणारा थिओना. इजिप्तच्या वाळवंटात येऊन त्याला वर्ष झालं होतं, पण अलेक्झांड्रियात शिकलेला. वादात समोरच्याला गप्प करायची हौस काही फिटली नव्हती.

मठाचे वडील, अब्बा सिसीन, फाटका झगा मांडीवर घेऊन बसले होते.

“काय केलं त्यानं?”

“म्हणतो, जुना करार वाचूच नका. त्यातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा. सरळ त्या चर्चनं कधीच बाहेर काढलेल्या मार्कियोनची पाखंडी शिकवण. उद्या सभेत मी प्रभूचंच वचन सांगणार. कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावत नाही. पाखंड आणि मठ एकत्र नांदायचे नाहीत. त्यानं जावं.”

“म्हातारा माणूस. या वाळवंटात जाईल कुठं?”

“ते त्यानं आधी बघायचं होतं.”

अब्बा सुईत दोरा ओवत राहिले...

“मार्कियोन कोणतं वचन सांगायचा रे?”

थिओना घुटमळला. शिकलेला होता, त्यामुळे सुटका नव्हती.

“हेच. ठिगळाचं. नवं आलं, आता जुनं टाका, म्हणायचा. पण तो चुकीचा अर्थ लावायचा.”

“आणि तू?”

“मी बरोबर लावतो.”

“बरं झालं.” अब्बांनी झगा आणि कोऱ्या कापडाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. “मला नीट दिसत नाही. एवढं ठिगळ लावून दे.”

थिओनानं झगा बाजूला ठेवला. तुकडा पाण्यात बुडवला, पिळला, परत बुडवला आणि बाहेर दगडावर उन्हात पसरला.

“अरे, लाव म्हटलं ना?”

“कोरं आहे, अब्बा. असंच लावलं तर पहिल्या धुण्यात आटेल आणि झगा आणखी फाटेल. आधी भिजवून आटवून घ्यावं लागतं.”

“म्हणजे लावता येतं.”

थिओनाचे कान तापले. भयंकर लाज वाटली त्याला.

मठाची रीत अशी, की नव्या माणसाला वर्षभर एका जुन्या साधूच्या हाताखाली ठेवायचं. थिओनाला पफ्नूतकडे दिलं होतं.

“उद्या सभेत काय बोलू?” त्यानं हळूच विचारलं.

अब्बांनी दगडावरचा तुकडा चाचपून पाहिला. ओलाच होता.

“आधी पफ्नूतकडे जा,” ते म्हणाले. “तुला किती वेळा भिजवावं लागलं, ते विचारून ये.”