झापवाडीचं पाणी

"पण एक थेंब तरी कमी झाला का, बाबा?"

अच्युतने सोमगिरी बाबांना विचारलं. मरणाला टेकलेल्या बुधीबाईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

अच्युत हा बाबांचा लाडका शिष्य. शहरात जाऊन इंजिनिअर झाला आणि शहाण्यासारखा तिथेच न राहता डोंगरात परत आला. कड्यावर ओढा अडवला, पाणी पाइपात घातलं आणि पायथ्याशी जनित्र फिरवलं. जिथे सरकारी विजेच्या तारा कधी पोचल्याच नाहीत, त्या वाड्यांत दिवे लागले. जनित्रातून सुटलेलं पाणी पुन्हा ओढ्यातच पडत होतं. कागदावर सगळं चोख होतं.

फक्त कडा आणि पायथा यांच्या मधे झापवाडी होती.

पावसाळ्यात ओढा पाइपाला आणि वाडीला, दोघांनाही पुरला. उन्हाळ्यात तो सगळाच पाइपात गेला. वाडीपुढे नुसते गोटे उरले. माणसं एकेक करून घरं सोडून गेली. मागे राहिली ती बुधीबाई.

मोजणी चालू असताना अच्युत हिच्याच घरात राहिला होता. हिच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन तो डोंगर चढायचा. म्हणून वाडीतला पहिला दिवा त्याने हिच्याच आढ्याला टांगला. तो भरदुपारी जळत होता.

"पाणी…" म्हातारी म्हणाली.

अच्युतने लगबगीने बाटली पुढे केली. "घे मावशे. जनित्रापासून आणलंय. आपल्याच ओढ्याचं."

तिने ओठ मिटून घेतले. मग म्हणाली, "वाडीपुढचं दे रं…"

झापवाडीत मरणाऱ्याच्या तोंडात वाडीपुढच्या ओढ्याचंच पाणी घालतात. नाहीतर जिवाला वाट सापडत नाही म्हणे.

"बाबा, तुम्ही तरी सांगा तिला! पाणी तेच आहे."

"तेच आहे ना? मग तिच्या दारातून आण."

अच्युत उठला आणि धावत सुटला.

कड्यावर पोचून त्याने पाइपाचं तोंड बंद केलं आणि ओढा मोकळा सोडला. पाण्याच्या सोबतीने तो खाली उतरू लागला. पण पाणी कसलं येतंय! तापलेले गोटे ते पिऊन टाकत होते. दोन हात पुढे सरकायचं आणि वाळूत जिरायचं. पाण्यावर जनित्र फिरवणारा तो माणूस ओढ्यात गुडघे टेकून पाण्याची विनवणी करत होता.

"चल ना रे… चल…"

उन्हं कलली तेव्हा वाडीपुढच्या खळग्यात तांब्याभर पाणी जमलं.

तो तांब्या भरून घरात शिरला. आत अंधार होता. जनित्र थांबलं तसा दिवाही गेला होता.

"बाबा… आणलं."

"दिवा गेला ना, तेव्हा हसली ती," बाबा म्हणाले. "म्हणाली, पाणी निघालं वाटतं."

"मग?"

"वाट बघितली तिने. पुष्कळ वाट बघितली."

अच्युतला रडू आवरेना. त्याने तांब्या पुढे केला.

बाबांनी तो घेतला. आत वाकून पाहिलं… आणि तसाच त्याच्या हातात परत दिला.

"घे, अच्युता. एक थेंबही कमी झालेला नाही."