बेहड्याच्या खोडातली खिडकी

त्या रानात वर्षातले दोन महिने कुणाचंच धड चालत नसे. फळं संपलेली, माती दगड झालेली, झऱ्याच्या जागी नुसती ओल उरलेली. या दिवसांना रानात 'ओढ' म्हणत. ओढ कुणाला चुकत नसे. आज याच्या दारी, उद्या त्याच्या.

ओढीसाठी रानानं एक सोय केली होती. टेकडीच्या पायथ्याला बेहड्याचं भलंमोठं खोड आडवं पडलेलं होतं, आतून पोकळ. एका तोंडानं शिरायचं, दुसऱ्या तोंडानं बाहेर पडायचं, मधे मिट्ट काळोख. दुपार कलली की लहानथोर सगळ्यांनी त्यातून एकदा जायचं. ज्याच्याकडं आहे त्यानं ठेवायचं, नाही त्यानं उचलायचं. आणि बाहेर आल्यावर सगळ्यांनी गवताला तोंड पुसायचं. खाल्लेलं असो नसो, पुसायचं. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडत कुणी नसे.

त्या रानात आप्पा नावाचं एक म्हातारं साळिंदर होतं. राबणारं होतं, खोटं कशाला बोला. बिळात कंदांची रास, आणि रोज दोन कंद खोडात ठेवल्याशिवाय आप्पा घास घेत नसे. चालताना त्याचे काटे खुळखुळत, आणि जीभ त्याहून जास्त. "फुकटचं गिळून रान ऐदी झालंय," हे त्याचं पालुपद. लहानपणी, आई गेली त्या वर्षी, त्यानं स्वतः अख्खी ओढ याच खोडाच्या जिवावर काढली होती. ते मात्र तो कधी बोलत नसे. कुणाला कळलंच नाही, अशी त्याची खात्री होती. काळोख होता ना आत!

एका वर्षी ओढीच्या तोंडावर रान जमलं, तेव्हा आप्पा उठून म्हणाला, "माझा कंद कुणाच्या घशात जातो ते मला दिसायला नको? खोडाला खिडकी पाडा."

म्हाताऱ्या कासवानं मान बाहेर काढली. "दिसून काय करणार, आप्पा?"

"गरजू कोण अन् लबाड कोण, ते कळेल."

"आणि कळल्यावर?"

"तू गप रे. तुला घर पाठीवर फुकट मिळालंय, तू कशाला बोलशील!"

सगळे हसले. नको म्हणावं असं पुष्कळांना वाटत होतं. पण जो नको म्हणेल तोच उचलत असणार असं ठरलं असतं, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. खिडकी आप्पानंच पाडली. तीन दिवस लाकूड कुरतडत होता. शेवटच्या चाव्याला त्याचा पुढचा दात मोडला. "रानासाठी दात दिला," असं सांगत तो चार दिवस तोंड वासून फिरला.

पहिल्या दुपारी आप्पा खिडकीला डोळा लावून बसला. आत आली चिचुंद्री. मागं पाच पिल्लांची माळ, प्रत्येकानं पुढच्याची शेपटी तोंडात धरलेली. तिनं एक कंद पोटाखाली ओढला.

"अगं बया, तू?" आप्पा ओरडला. "काल तर पोरांची वरात घेऊन मिरवत होतीस! तुला गं कसली आलीय ओढ?"

खिडकीशी जमलेल्यांत हशा पिकला. चिचुंद्रीनं कंद तिथंच सोडला. बाहेर पडून तिनं गवताला तोंड पुसलं, पाचही पिल्लांनी पुसलं, आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

ठेवणारे मात्र वाढले. मोर एकच बोर घेऊन यायचा आणि ते चोचीत धरून खिडकीच्या उजेडात बराच वेळ उभा राहायचा. मोराच्या मागं कसं पडायचं म्हणून आप्पा दोनाचे चार कंद ठेवू लागला, चाराचे सहा. आतला ढीग वाढला, तळाशी कुजू लागला. "बघा," आप्पा म्हणायचा, "घेणारे संपले! म्हणजे लबाडच होते."

पंधरवड्यानं झऱ्याच्या ओलीशी त्याला चिचुंद्री दिसली. दगड चाटत होती. मागं माळ होती. आप्पानं सहज मोजली. चार. पुन्हा मोजली. चारच. पाचवं कुठं मागं राहिलं का म्हणून तो दगडाच्या पलीकडं डोकावला. चिचुंद्रीनं मान वर केली नाही. शेपटीला लागलेली माळ ओढत ती दगडाआड झाली.

त्या दिवसापासून आप्पा खिडकीकडं फिरकेना. पुढं त्याचीही रास संपली. माती कठीण, दात मोडलेला, नुसती बोटं सोलून निघायची. चार दिवस पोटात काही नव्हतं. पाचव्या दिवशी तो डुकरांच्या लोळणीत गेला आणि काटे वाजू नयेत म्हणून तळाचा उरलासुरला चिखल अंगभर थापून खोडाकडं निघाला. आतून लख्ख उजेड येत होता. खिडकीशी मोर होता, चार जण होते. आप्पा मागं फिरला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा गेला. या वेळी करवंदीच्या जाळीआड लपला, तर तिथं आधीच कुणीतरी होतं. चिचुंद्री आणि चार पिल्लं. खोडाकडं बघत बसलेली. जाळीखालची माती बसून बसून गुळगुळीत झाली होती. म्हणजे ती रोज इथवर येत होती.

आप्पा तिच्याकडं बघूच शकला नाही. तो उठला, सगळ्यांदेखत खोडात शिरला, ढिगाला न शिवता पुढं गेला आणि खिडकीकडं पाठ करून मागं रेटत राहिला. काटे भोकात गच्च बसले. आत काळोख झाला.

"कोण रे हा बूच?" बाहेरून मोर किंचाळला. "उजेड सोड!"

आप्पानं पाय आणखी घट्ट रोवले. पण उपाशी अंग थरथरत होतं. वाळलेला चिखल गळून पडला आणि काटे खुळखुळ वाजायला लागले. साऱ्या रानाला ऐकू गेलं. आता हसतील, म्हणून त्यानं डोळे मिटले.

कुणी हसलं नाही. कासवाचा आवाज तेवढा आला, "चला रे, दुपार कलली."

एकेक जण आत येऊ लागला. आप्पाला काही दिसत नव्हतं, पण नाकाला सगळं कळत होतं. हा ससा. हे मुंगूस. हे कासव, ओल्या शेवाळाचं. त्याच्यापाशी येऊन प्रत्येक जण किंचित थांबे आणि पुढं जाई. काटे वाजतच होते. आई गेली त्या वर्षी काटे इवलेसे होते. पण वाजत तेव्हाही होतेच.

मग तो उग्र वास आला. बारीक पावलं आली, आणि त्यांच्यामागं आणखी चौघांची. कंद मोडल्याचा कट् असा आवाज झाला. अर्धा कंद गडगडत येऊन त्याच्या पंजाला लागला.

खोडाच्या दुसऱ्या तोंडाशी उजेडाचा गोल होता. त्यात चिचुंद्री वाकली आणि तिनं गवताला तोंड पुसलं. मग पहिल्या पिल्लानं. दुसऱ्यानं. तिसऱ्यानं. चौथ्यानं. त्याची शेपटी मागं मोकळीच होती.

आप्पाला भोक सोडून गवतापर्यंत जाता येत नव्हतं. त्यानं मान वळवली आणि खोडाच्या भिंतीला आपलं तोंड पुसलं. कंद अजून तसाच पायाशी होता.