बिरूच्या विहिरीतले तीन शब्द

या, पण काठावरून वाकू नका, कडेचे दगड सुटले आहेत. हीच बिरूची विहीर. आठ पुरुष, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल आहे आणि हिला आजवर थेंबभर पाणी लागलेलं नाही. तरी आमच्या तांबवडीनं ती बुजवली नाही; उलट आत उतरायला पायऱ्या बांधल्या आणि दर साली त्या नीटही करतात. तुमच्या कॉलेजचे सर मघाशी सांगत होते, की फिलॉसॉफी हा शब्द ग्रीकांचा आणि त्याचा मूळ अर्थ ज्ञानावरचं प्रेम. म्हणजे ज्ञानी नव्हे, ज्ञानाची ओढ असलेला. आपल्या 'तत्त्वज्ञान' या शब्दात मात्र ज्ञान आधीच पदरात पडल्यासारखं वाटतं. मी इथलाच, चाळीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं, ग्रीक काही मला कळत नाही. पण ज्ञानी आणि ओढ असलेला यांतला फरक या गावाला कसा कळला, तेवढं सांगतो.

फार पूर्वी गावात म्हाळाप्पा नावाचा पाणाड्या होता, असं सांगतात. पाणाड्या म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते दाखवणारा. उंबराची दुबेळकी फांदी हातात धरून तो अनवाणी रानभर फिरायचा आणि टाच रोवून उभा राहिला, की लोक तिथेच पहार मारायचे. त्यानं दाखवलेल्या एकोणीस विहिरींना पाणी लागलं म्हणे. मग लोक त्याला पाण्यापलीकडचंही विचारू लागले. गाय का आटली, लेक कुठल्या गावी द्यावी, ताप कशानं आला? म्हाळाप्पाकडे सगळ्याचं उत्तर असायचं. गावानं त्याला 'जाणता' म्हणायला सुरुवात केली आणि पारावर त्याच्यासाठी वेगळा दगड मांडला. माणूस वाईट नव्हता हो. पण अशा दगडावर एकदा बसलं, की 'ठाऊक नाही' म्हणायची लाज वाटायला लागते. मला विचारा, मी मास्तर होतो.

ही त्याची विसावी विहीर. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. म्हाळाप्पानं सांगितलं, पाच पुरुषांवर पाणी आहे. पाच झाले, सहा झाले, खाली नुसता काळा पाषाण. तो दर वेळी म्हणायचा, "अजून दोन हात." खणणाऱ्यांत त्याचा एकुलता एक मुलगा बिरूही होता. बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून तो सगळ्यांत खोल जागी स्वतः उतरायचा. त्या काळी खडक फोडायला तळाशी लाकडं पेटवीत आणि तापलेल्या दगडावर पाणी ओतून तो तडकवीत. प्यायला पाणी नसताना लोकांनी ते पाणीही दिलं, म्हाळाप्पावर एवढा विश्वास.

आठव्या पुरुषाला त्यांनी असाच जाळ केला. दुसऱ्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे आधी दिवा आत सोडला. निम्म्यावर गेला आणि विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा त्याच जागी विझला. सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन काठाला उभं होतं. बिरूनं कमरेला दोर बांधला होता.

त्यानं विचारलं, "आबा, दिवा का इझतोय?"

म्हाळाप्पाला ते माहीत नव्हतं. असला प्रकार त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण सगळं गाव त्याच्या तोंडाकडे पाहत होतं. तो म्हणाला, "वाऱ्यानं इझला. उतर तू."

त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं, असं सांगतात. बिरूनं एकदा वर आभाळाकडे पाहिलं आणि तो उतरला. जाळाची कोंडलेली वाईट हवा तळाशी साचली होती. जरा वेळानं दोराला हिसका बसला आणि मग दोर नुसताच जड झाला. त्याला वर ओढून घेतलं तेव्हा अंग ऊन होतं, श्वास नव्हता. म्हाळाप्पा तिथेच काठावर बसून तो दिवा पेटवून पाहत राहिला. वर तो चांगला जळत होता.

बिरूचं तेरावं झालं. चौदाव्या दिवशी त्याची आई कोंडाई नवऱ्याला याच काठावर घेऊन आली आणि चारचौघांसमोर तिनं विचारलं, "दिवा का इझला, त्ये तुमास्नी ठावं व्हतं का?"

 म्हाळाप्पा म्हणाला, "मला ठावं न्हाई."

कोंडाई म्हणाली, "मग येवढंच त्येला सांगायचं व्हतं. माझा ल्योक उतरला नसता."

म्हाळाप्पानं पारावरचा आपला दगड उपटून या विहिरीत लोटला. तरी लोक यायचेच. 'जाणते' अशी हाक आली, की तो म्हणायचा, "जाणता म्हनू नगा. म्या हुडक्या." हुडकायची ओढ आहे, सापडलेलं काही नाही, एवढंच त्याला म्हणायचं असे. मग विचारणाऱ्याबरोबर तो शोधायला निघायचा. पुढे त्याला पाणी सापडलं म्हणे, कधी कधी. कोंडाई मात्र त्याच्याशी पुन्हा बोलली नाही.

आजही तांबवडीत कुणाला जाणता म्हणत नाहीत. पाणाड्या असो, वैद्य असो, मास्तर असो, काम हाती घ्यायच्या आधी तो एकटा या विहिरीत उतरतो आणि तळाशी उभा राहून 'मला ठावं न्हाई' हे तीन शब्द म्हणतो. ऐकायला वर काठाशी गावातल्या आया उभ्या असतात. मी बाविसाव्या वर्षी उतरलो. नवी नोकरी, अंगावर कोरा सदरा; लाजेनं पुटपुटलो आणि पायऱ्या चढायला लागलो. तेवढ्यात वरून एक बाई म्हणाली, "मास्तर, ऐकू आलं न्हाई. माझं पोर तुमच्या शाळंत हाय. मोठ्यानं म्हना."